विदूषकाला नृत्यरचनेची फेलोशिप : बिल आयर्विनचं प्रकरण

१९८१ साली अमेरिकेच्या 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स' या सरकारी संस्थेनं नृत्यरचनाकारांना फेलोशिप दिल्या. त्यांत एक नाव विदूषकाचं होतं: बिल आयर्विन. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या एका छोट्या सर्कशीत ढगळ विजार घालून लोकांना हसवत होता. १९८३ साली हीच फेलोशिप त्याला पुन्हा मिळाली. १९८४ साली गुगेनहाइम आणि मॅकआर्थर या आणखी दोन मानाच्या फेलोशिप, दोन्ही एकाच वर्षी. पुढे २००५ साली ब्रॉडवेवरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा टोनी पुरस्कार मिळाला, तोही एडवर्ड ऑल्बीच्या अशा नाटकासाठी, ज्यात तीन तास माणसं एकमेकांना फक्त शब्दांनी ओरबाडतात. त्याच काळात अमेरिकेतली दोन-तीन वर्षांची मुलं त्याला ओळखत होती ती टीव्हीवरचा एक शब्दही न बोलणारा 'मिस्टर नूडल' म्हणून.

अशा माणसाला अष्टपैलू म्हणून मोकळं होता येतं. पण जवळून पाहिलं तर आयर्विनकडचं सामान फार थोडं आहे. एक टोपी, एक ट्रंक, ढगळ कपडे, आणि आपलंच अंग आपलं ऐकत नाही अशा अवस्थेत सापडलेला एक सभ्य माणूस. चाळीस वर्षं तो हेच सामान घेऊन एका घरातून दुसऱ्या घरात गेला. बदलत गेली ती घरं: प्रायोगिक नाटक, सर्कस, नृत्यसंस्था, ब्रॉडवे, मुलांचा टीव्ही. तेव्हा या प्रकरणात तपासायचं ते हे, की कोणत्या घरानं त्या सामानात काय भर घातली. माझ्या मते सगळ्यात मोठी भर नृत्यानं घातली, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते.

ब्लाऊचा गट आणि फ्लोरिडातली शाळा

आयर्विनचा जन्म १९५० चा, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाचा. कॉलेजच्या वर्षांत तो हर्बर्ट ब्लाऊच्या हाताखाली आला, आधी 'कॅलआर्ट्स' या कॅलिफोर्नियातल्या कलामहाविद्यालयात आणि मग ब्लाऊच्या मागोमाग ओहायोतल्या ओबरलिन कॉलेजात. ब्लाऊ म्हणजे साधं नाव नव्हे. सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात १९५७ साली बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' कैद्यांपुढे झालं, त्याचा दिग्दर्शक तो. ओबरलिनमध्ये त्यानं 'क्राकेन' नावाचा गट चालवला. संहिता फोडून तिचे तुकडे अंगात मुरवायचे, त्यावर महिनोन्‌महिने तालमी करायच्या, आणि या सगळ्याविषयी अखंड बोलायचं, असा तो कारखाना. नट तिथं घाम गाळत आणि सिद्धान्तही गिळत.

तिथून बाहेर पडून आयर्विन १९७४ साली फ्लोरिडातल्या व्हेनिस गावी रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीच्या 'क्लाउन कॉलेज'मध्ये दाखल झाला. हे वळण बाहेरून विचित्र दिसतं. ते कॉलेज १९६८ साली अर्विन फेल्ड या सर्कसमालकानं काढलं, कारण रिंगलिंगचे विदूषक म्हातारे झाले होते आणि नव्यांची भरती होत नव्हती. फी नव्हती. काही आठवड्यांत रंगरंगोटी, पडणं, थपडा, उंच काठ्यांवर चालणं, जगलिंग असं सगळं शिकवत, शेवटी एक खेळ होई आणि त्यातून मालक निवडक पोरांना करार देई.

रिंगलिंगचा खेळ तेव्हा तीन रिंगणांचा, हजारो खुर्च्यांच्या बंदिस्त मैदानात चालणारा. तिथं विदूषकाचं खरं काम म्हणजे झुल्याची दोरखंडं बदलेपर्यंत वेळ भरून काढणं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर सगळं मोठं हवं: बूट मोठे, नाक मोठं, थप्पड मोठी. चेहऱ्यावरची शंका तिथं दिसत नाही. आयर्विनचं पुढचं सगळं काम शंकेवर उभं आहे. त्यामुळे तो त्या मोठ्या खेळाकडे वळला नाही यात मला नवल वाटत नाही. मात्र पडायचं कसं, हे त्यानं तिथून पक्कं उचललं.

एका रिंगणाची सर्कस

१९७५ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'पिकल फॅमिली सर्कस' सुरू झाली. लॅरी पिझोनी आणि पेगी स्नायडर हे तिचे कर्तेधर्ते, दोघंही 'सॅन फ्रान्सिस्को माइम ट्रूप' या राजकीय पथनाट्य करणाऱ्या मंडळीतून आलेले. आयर्विन पहिल्यापासून त्यांच्याबरोबर होता. एकच रिंगण, प्राणी नाहीत, साथीला जॅझचा वाद्यवृंद आणि प्रेक्षक हाताच्या अंतरावर. गाड्या भरणं, खांब उभे करणं, रिंगण आवरणं हे कलावंतच करत. गावोगावच्या संस्था, पाळणाघरं वगैरे, सर्कशीला बोलावत आणि खेळाच्या निमित्तानं स्वतःसाठी निधी उभा करत. शेवटी सगळी मंडळी रिंगणात येऊन एकमेकांकडे क्लब, म्हणजे जगलिंगचे दांडके, फेकत, त्या सामूहिक जगलिंगला ते 'बिग जगल' म्हणत.

या सर्कशीत विदूषक तीन. पिझोनीचा लॉरेन्झो, ब्रिटनहून आलेल्या जेफ हॉइलचा मिस्टर स्निफ आणि आयर्विनचा विली. तीन विदूषक एकत्र आले की उतरंड आपोआप लागते: एक हुकूम सोडणारा, एक त्यात खोड काढणारा आणि एक मनापासून प्रयत्न करूनही तोंडघशी पडणारा. इथं वेळ भरून काढायची गरज नव्हती, कारण विदूषक हाच खेळाचा कणा होता. प्रसंग लांबवता येई. पात्राला आठवण ठेवता येई. पहिल्या एन्ट्रीत झालेला अपमान तिसऱ्या एन्ट्रीत वर काढता येई.

१९७९ साली आयर्विन पिकलमधून बाहेर पडला. त्याच्या मनातली कारणं शोधत बसण्यापेक्षा त्यानं नंतर काय केलं ते पाहणं जास्त उपयोगी. पुढच्या त्याच्या प्रत्येक मोठ्या कामात शत्रू एकच आहे: रंगमंचाची चौकट. पडदा, विंग, प्रकाशझोत, पुढे टीव्हीचा पडदा. आता रिंगणाला विंग नसते. उघड्यावर भर दुपारी खेळ करताना काळोखही नसतो, आणि चहूकडून लोक बघत असताना लपायला जागा कुठली? ज्या गोष्टीशी त्याला झगडायचं होतं ती सर्कशीत नव्हतीच. सर्कस त्याला अपुरी पडली असं कुणी म्हटलं तर मी सहमत होणार नाही. ती फार मोकळी होती.

ट्रंकेतला जिना

ओबरलिनमध्येच १९७१ साली ब्रेंडा वे हिनं एक नृत्यमंडळी सुरू केली होती, 'ओबरलिन डान्स कलेक्टिव्ह'. १९७६ साली ही मंडळी एका पिवळ्या शाळेच्या बसमध्ये सामान भरून सॅन फ्रान्सिस्कोला आली आणि ओडीसी या नावानं तिथंच रुजली. तिच्या संस्थापक सदस्यांपैकी किमी ओकाडा ही आयर्विनची तेव्हाची पत्नी आणि पुढे अनेक वर्षं त्याची नृत्यरचनेतली सहकारी. म्हणजे सर्कस आणि नृत्यशाळा एकाच शहरात होत्या आणि हा दोन्हीकडे जाऊन-येऊन होता.

विदूषकाचा गॅग, म्हणजे रचून ठेवलेली हसवणारी खोडी, आणि नर्तकाचा पदन्यास यांत हिशेबाचा फरक आहे. गॅग हशाला बांधलेला असतो. हशा आला की विदूषक थांबतो, तो ओसरू देतो, मग पुढची खोडी काढतो. हशा नाही आला तर तो वाट बदलतो. नर्तकाची मोजणी मात्र प्रेक्षक हसो वा जांभई देवो, चालूच राहते. आठ म्हणजे आठ. गॅग जमवायला कान लागतो, पदन्यास जमवायला घोटीव मोजमाप. आयर्विननं दोन्ही एकाच अंगात बसवले. याचा सगळ्यात स्वच्छ नमुना म्हणजे त्याची ट्रंक.

रंगमंचावर एक जुनी ट्रंक ठेवलेली असते. तो झाकण उघडतो, आत पाय टाकतो आणि जिना उतरावा तसा खाली जायला लागतो. एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी. ट्रंकेची उंची गुडघ्याच्या जरा वर, ती सगळ्यांना दिसते आहे, आणि तरी माणूस त्यात एखाद्या तळघरात जावा तसा उतरतो आहे. यात कसलीही यांत्रिक करामत नाही. प्रत्येक 'पायरी'ला गुडघे ठरावीक मापानंच वाकतात. डोकं, खांदे आणि टोपी एका पातळीत खाली येतात, धड इंचभरही पुढे झुकत नाही. नजर पायांकडे जात नाही, कारण ओळखीचा जिना उतरणारा माणूस पायाखाली बघत नाही. सगळा भार मांड्यांवर. एक टप्पा जरा खोल गेला किंवा कंबर किंचित मागे आली की जिना मोडला आणि बसकण मारणारा माणूस तेवढा उरला. बॅलेतल्या प्लिएचा सराव म्हणजे हेच: पाठ ताठ ठेवून गुडघ्यातून मोजून खाली जाणं. लोक हसतात विदूषकाला, पण ते हसू उभं असतं नर्तकाच्या मांड्यांवर.

दुसरा नमुना विंगेचा. आयर्विन मंचावर उभा असतो आणि कुठल्यातरी अदृश्य शक्तीनं त्याचा एक पाय विंगेकडे ओढला जाऊ लागतो. आधी पाऊल सरकतं. मग गुडघा, मग कंबर, आणि या सगळ्याची खबर सर्वांत शेवटी चेहऱ्याला लागते. धड अजून प्रेक्षकांशी सभ्यपणे वागतं आहे आणि खालचं अर्धं अंग निघून चाललं आहे. शरीराचे भाग सुटे करून वेगवेगळ्या वेळेला हलवणं हा नृत्याच्या वर्गातला रोजचा धडा. तो इथं भीतीचा आणि विनोदाचा झाला.

१९८२ साली न्यूयॉर्कच्या 'अमेरिकन प्लेस थिएटर'मध्ये 'द रिगार्ड ऑफ फ्लाइट' आलं. पियानोवर डग स्किनर, टीकाकाराच्या भूमिकेत एम. सी. ओ'कॉनर. एक नट 'नवं नाट्य' घडवू पाहतो आहे, टीकाकार त्याला प्रश्न विचारून भंडावतो आहे, आणि प्रोसिनियमची, म्हणजे मंचाच्या दर्शनी चौकटीची, कमान त्याला गिळायला टपली आहे. प्रायोगिक रंगभूमीच्या जडजंबाल परिभाषेची यात यथेच्छ टर उडवली आहे, आणि ती उडवणारा माणूस ब्लाऊकडे हीच परिभाषा खाऊन-पिऊन वाढलेला. बाहेरच्यानं केलेली टिंगल वरवरची झाली असती. याच खेळाला जोडून सर्कशीतले जुने विदूषकी तुकडे होते, स्पॅगेटीशी झगडणारा वेटर त्यांतलाच. म्हणजे ब्लाऊ, रिंगलिंग, पिकल आणि ओडीसी, चौघंही एका संध्याकाळी एका मंचावर. १९८३ साली पीबीएस या अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्ही वाहिनीनं ते दाखवलं आणि न्यूयॉर्कबाहेरच्या लोकांनाही हा माणूस माहीत झाला.

अर्जातला रकाना

आपल्याकडे तमाशातला सोंगाड्या नाचतो, आपटतो, राजाला कोपरखळी मारतो, लगेच गंभीर होतो, आणि तू नट की नर्तक असं त्याला कुणी विचारत नाही. अमेरिकेत तेव्हा अनुदानाचे रकाने वेगळे, वर्तमानपत्रांतले समीक्षक वेगळे, सभागृहंही वेगळी होती. सर्कस तर कलेच्या यादीत धड बसतही नव्हती. अशा व्यवस्थेत अर्ज कुठल्या रकान्यात भरायचा हा पोटापाण्याचा प्रश्न असतो. आयर्विनला दार उघडलं ते नृत्याच्या रकान्यानं. कुणी म्हणेल ही सोय होती. मला तो निर्णय वस्तुस्थितीला धरून वाटतो: निवड करणाऱ्यांनी विदूषकाचे कपडे बाजूला सारून खालची हालचाल पाहिली आणि ती रचलेली होती.

त्या काळी आयर्विन, ॲव्हनर द एक्सेंट्रिक, फ्लाइंग करामाझोव्ह ब्रदर्स, पेन आणि टेलर अशा सगळ्यांवर 'न्यू व्हॉडव्हिल', म्हणजे जुन्या विविधरंगी करमणुकीच्या खेळांचा नवा अवतार, अशी एक चिठ्ठी चिकटवली गेली. तिकीट विकायला ती बरी होती. त्यापलीकडे या मंडळींत साम्य फार नाही.

मॅकआर्थरचे पैसे पाच वर्षं मिळतात आणि त्यांना कसलीही अट नसते. रंगमंचावर सादरीकरण करणाऱ्या कलावंताला ही फेलोशिप मिळण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते. त्याच वर्षाच्या अखेरीस आयर्विन ब्रॉडवेवर दारिओ फोच्या 'ॲक्सिडेंटल डेथ ऑफ ॲन अनार्किस्ट'मध्ये उतरला आणि ते नाटक काही आठवड्यांतच आटोपलं. विनाअट पैसा गाठीला असल्यावर असं एखादं अपयश पचतं, नाहीतर त्यानंतर लोक जाहिराती शोधू लागतात.

या पाच वर्षांच्या शेवटी, १९८९ मध्ये, 'लार्जली न्यूयॉर्क' ब्रॉडवेच्या सेंट जेम्स थिएटरात आलं. नायक एक टॅप नर्तक, जुन्या धाटणीचा 'हूफर', डोक्यावर उंच हॅट आणि हातात रिमोट कंट्रोल. बटण दाबलं की संगीत, बटण दाबलं की पडदा. मग रिमोट त्याचं ऐकेनासा होतो. आजूबाजूला आधुनिक नृत्य करणारी एक गंभीर मंडळी, रस्त्यावर पॉपिंग करणारे, म्हणजे अंगाला झटके देत नाचणारे, दोघे तरुण, आणि सगळ्याचं चित्रीकरण करत फिरणारे व्हिडिओवाले. बिचाऱ्या हूफरला या प्रत्येकाशी पाऊल जुळवायचं असतं आणि जुळत कुणाशीच नाही. शेवटी तो व्हिडिओच्याच तावडीत सापडतो. नृत्यरचना त्याची आणि ओकाडाची. टोनीला सर्वोत्कृष्ट नाटक, अभिनेता, दिग्दर्शन आणि नृत्यरचना अशी नामांकनं मिळाली. जवळजवळ एकही संवाद नसलेली कलाकृती 'सर्वोत्कृष्ट नाटक' या गटात! रकान्यांचा घोळ इतका गोड क्वचितच होतो.

लकीची टोपी

१९८८ साली लिंकन सेंटरमध्ये माइक निकोल्सनं 'गोदो' बसवलं. रॉबिन विल्यम्स आणि स्टीव्ह मार्टिन मुख्य भूमिकांत, एफ. मरे अब्राहम पोझो, आणि लकीच्या भूमिकेत आयर्विन. जाहिरातीत नावं गाजली ती पहिल्या दोघांची. पण या प्रकरणाच्या दृष्टीनं लकी ही भूमिका काय आहे ते पाहा. गळ्यात दोर, हातात ओझी, बराच वेळ तोंडातून शब्द नाही. मग मालक म्हणतो नाच, आणि तो नाचतो. मालक म्हणतो विचार कर, तर टोपी घातल्याशिवाय त्याला विचार करता येत नाही. टोपी डोक्यावर ठेवली की विरामचिन्हांविना शब्दांचा लोंढा सुटतो, तो बाकीच्यांनी टोपी हिसकावून घेईपर्यंत. मूकपणा, नाच, टोपी, आणि शेवटी विद्वत्तेचा भुगा झालेली भाषा. ब्लाऊच्या तालमीतून निघून विदूषक झालेल्या माणसासाठी याहून मापाची भूमिका कुणी शिवून दिली नसती.

बेकेट त्याला नंतर सुटला नाही. 'टेक्स्ट्स फॉर नथिंग'मधले गद्य उतारे त्यानं मंचावर आणले. २००९ साली नेथन लेनसोबत ब्रॉडवेवर तो 'गोदो'तला व्लादिमीर झाला, तिथं तर दोन माणसांत तीन टोप्या फिरवण्याचा खेळ नाटककारानंच लिहून ठेवलेला आहे. २०१८ साली न्यूयॉर्कच्या 'आयरिश रेपर्टरी थिएटर'मध्ये त्यानं 'ऑन बेकेट' हा एकपात्री प्रयोग केला. अर्धं व्याख्यान आणि अर्धं ढगळ विजारीचं प्रात्यक्षिक.

नूडल आणि जॉर्ज

मधली वर्षं थोडक्यात सांगतो. १९९३ साली डेव्हिड शायनरबरोबर 'फूल मून' आलं. शायनर पॅरिसच्या रस्त्यांवर आणि मग 'सर्क द्यू सोलेय' या सर्कशीत तयार झालेला, प्रेक्षकांवर तुटून पडणारा विदूषक. आयर्विन प्रेक्षकांसमोर संकोचणारा. शब्द नाहीत, साथीला रेड क्ले रँबलर्स हा वाद्यवृंद. हा खेळ ब्रॉडवेवर पुन्हा पुन्हा आला आणि १९९९ साली त्याला खास टोनी मिळाला. २०१३ साली याच जोडीनं 'ओल्ड हॅट्स' केलं. तिथं आयर्विनच्या हातात रिमोटऐवजी टॅब्लेट आला होता, भांडण जुनंच. २०१४ च्या 'इंटरस्टेलर' या चित्रपटातल्या टार्स या यंत्रमानवाचा आवाज त्याचाच, आणि चित्रीकरणात तो जड सांगाडा पाठीमागून चालवणाराही तोच. नंतर संगणकावर त्याला चित्रातून पुसलं गेलं.

मिस्टर नूडलकडे मात्र गंभीर लोक दुर्लक्ष करतात, ते मला पटत नाही. १९९८ साली 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात 'एल्मोज वर्ल्ड' हा भाग सुरू झाला. खिडकी उघडली की पलीकडे नूडल दिसतो. त्याला टोपी घालायची आहे किंवा बूट चढवायचा आहे, आणि तो बूट हातात घालून बघतो. पडद्याआडून मुलांचे आवाज त्याला ओरडून सांगतात, असं नव्हे! विदूषकीचा पाया असा की प्रेक्षकाला विदूषकापेक्षा थोडं अधिक कळत असावं. दोन वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसापेक्षा अधिक कळण्याचे प्रसंग दिवसात किती येत असतील? नूडल त्याला ते रोज मिळवून देतो. शिवाय इथं प्रेक्षक समोर नाही, हशा ऐकू येत नाही, वाट बघायची सोय नाही. टायमिंग आधीच मोजून ठेवावं लागतं. पुन्हा तीच नर्तकाची मोजणी.

आणि याच माणसानं २००५ साली 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वूल्फ'मधला जॉर्ज केला, कॅथलीन टर्नरच्या मार्थासमोर. जॉर्ज हा इतिहासाचा प्राध्यापक, आपल्या बायकोच्या तोंडून भर पाहुण्यांत अपमान गिळणारा आणि मग सावकाश सूड घेणारा. विदूषकाला हे कसं जमलं, असा सूर तेव्हा निघणं साहजिक होतं. मला प्रश्नच उलटा वाटतो. जॉर्जची भूमिका ऐकण्याची आहे. मार्थाचं वाक्य लागू द्यायचं, पाहुण्यांचं हसू पुरतं येऊ द्यायचं, आणि ते ओसरतंय तेवढ्यात आपलं पातं फिरवायचं. विलीनं रिंगणात वर्षानुवर्षं केलं ते हेच, फक्त तिथं ताटातली स्पॅगेटी होती. आणि पहिल्या अंकात जॉर्ज बंदूक आणून मार्थावर रोखतो, चाप ओढतो, आणि नळीतून उमलते ती रंगीत छत्री. ऑल्बीनं आपल्या सर्वांत भेदक नाटकाच्या मधोमध सर्कशीचा गॅग ठेवून दिला आहे. तो कसा वाजवायचा हे आयर्विनला कुणी शिकवायची गरज नव्हती.

एक गोष्ट त्याच्या विरोधात नोंदवायला हवी. त्यानं स्वतः रचलेल्या खेळांत कथा बारीक असते. चौकट, यंत्र, पडदा यांच्याशी झगडणारा माणूस पहिल्या तासात जेवढा रंगतो तेवढा पुढे वाढत नाही. 'लार्जली न्यूयॉर्क'पासून 'ओल्ड हॅट्स'पर्यंत चोवीस वर्षांत उपकरण बदललं, पेच तोच राहिला. त्याचं सर्वांत खोल काम बेकेट आणि ऑल्बी यांच्या संहितांत झालं, असं माझं मत आहे. अंगानं काय करायचं हे त्याला कायम ठाऊक होतं. ते कशासाठी करायचं, हे बहुधा दुसऱ्याच्या लेखणीनं अधिक चांगलं सांगितलं.

आज हीच वाट धरायची तर

नृत्य, सर्कस आणि विनोद एकत्र करू पाहणारी तरुण मंडळी आयर्विनकडे नमुना म्हणून बघतात. त्यांनी त्याच्या वाटेवरचे थांबे एकदा तपासून पाहावेत. रिंगलिंगचं क्लाउन कॉलेज १९९७ साली बंद झालं. पिकल फॅमिली सर्कस १९९३ साली आर्थिक अडचणीत बुडाली. नॅशनल एन्डाउमेंटनं व्यक्तींना थेट फेलोशिप देणं १९९० च्या दशकाच्या मध्यात, साहित्यासारखे मोजके अपवाद वगळता, अमेरिकी काँग्रेसच्या दबावाखाली थांबवलं. म्हणजे ज्या अर्जाच्या रकान्यात त्याचं नाव बसलं तो रकानाच आता नाही. मॅकआर्थर आहे, पण तिथं अर्ज करता येत नाही; कुणीतरी नाव सुचवावं लागतं.

ओडीसी मात्र टिकली. १९७९ साली, म्हणजे आयर्विननं सर्कस सोडली त्याच वर्षी, तिनं स्वतःची वास्तू उभी केली आणि आजही तिथं तालमी आणि वर्ग चालतात. पिकलच्या मंडळींतून निघालेली सर्कसची शाळाही त्याच शहरात, एका जुन्या हायस्कूलच्या व्यायामशाळेत उभी राहिली आणि पुढे 'सर्कस सेंटर' म्हणून ओळखली जाऊ लागली. पिकलमध्ये काम केलेल्या जेफ रॅझनं २००० साली तिथं विदूषकांसाठी वेगळा अभ्यासक्रम सुरू केला. पडणं, थपडा, टोपी, जोडीदाराशी उतरंड, हे सगळं अशा शाळेत आखून शिकवता येतं. आयर्विनला कुठल्याच अभ्यासक्रमानं न दिलेली गोष्ट म्हणजे दिवसा नर्तकांबरोबर मोजून हलणं आणि संध्याकाळी तेच अंग रिंगणात लोकांपुढे आपटणं, तेही हंगामामागून हंगाम. ती सोय आजच्या शिकणाऱ्याला दोन संस्थांचं वेळापत्रक जुळवून आणि दोन्हीकडची फी भरून स्वतःच लावून घ्यावी लागेल.